मिलिंददादाचा सर्व्हर

"फुकटची सिस्टीम व्हती ती. माणूस गेला, सिस्टीमबी गेली," काका पुण्याहून आलेल्या विक्रेत्याला सांगत होते. मी काचेच्या अलीकडे होते, सर्व्हरच्या खोलीत. काकांना वाटतं तितकी ती काच जाड नाही.

काकांकडे मशीनं सांभाळणाऱ्या मिलिंददादाला जाऊन तेव्हा महिना झाला होता. बातमीचा फोन मीच घेतला होता. त्याचा भाऊ म्हणाला, "दादा गेला." मी विचारलं, "किती वाजता निघाला?"... पळसदेवहून तो रोज एसटीनं बारामतीला यायचा, म्हणून. भावानं तेच पुन्हा सांगितलं. मग मला कळलं. कावीळ झाली म्हणून तो काही दिवस घरी होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

काकांचा इंटरनेटचा धंदा नवा होता. वडिलांनी मला तिथं इंग्रजी पत्रं टाइप करायला बसवलं होतं. "पोरगी गप असती, बरं असतं," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मिलिंददादानं गिऱ्हाइकांच्या वेबसाइटींसाठी एक मशीन वेगळं काढलं होतं, तोच सर्व्हर, आणि त्यावर दुसरं काहीही करू द्यायचा नाही. एकदा काकांचे पाहुणे त्यावर पत्ते खेळायला सरसावले, तर हा हात जोडून म्हणाला, "पावणं, ही दुभती म्हैस हाय. औताला जुपू नका."

त्या मशीनवर त्यानं लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम घातली होती, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून. फुकट मिळतं म्हणजे त्यात काहीतरी कमी असणार, असं मी एकदा म्हणाले. "फुकट न्हवं गं, मोकळं," तो म्हणाला. "कुणीबी उघडून बघावं, शिकावं, दुसऱ्याला द्यावं." माहितीची पानं इंग्रजीत असत. मी मोठ्यानं वाचायची, तो अर्थ लावायचा. वाचता वाचता मीही ते मशीन चालवायला शिकले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एकदा पडद्यावर 'परमिशन डिनाइड', म्हणजे परवानगी नाही, असं आलं. मी अर्थ सांगायच्या आत तो हसला. "हे ठावं हाय. आमच्या आज्ज्याला पाणवठ्यावर हेच सांगायचे, फकस्त मराठीत." मी हसावं की नाही, मला कळेना. "हास की," तो म्हणाला, "हितं पासवर्ड आपल्याकडं हाय." आणि तो त्यानं मला सांगितला.

काचेपलीकडे विक्रेता म्हणत होता, "पासवर्ड नसेल तर सगळं पुसून आमची सिस्टीम टाकू." काका म्हणाले, "टाका. पासवर्ड त्यो संगं घिऊन गेला."

मी खुर्चीतून उठले नाही. मिलिंददादाच्या आजारपणापासून ते मशीन मीच चालवत होते; काकांना वाटायचं, ते आपोआप चालतंय. तसं सांगितलं असतं, तर काकांनी ती खोली माझ्याच गळ्यात घातली असती. जूनमध्ये मला पुण्याला शिकायला जायचं होतं. वडील कसेबसे तयार झाले होते, तेही काकांचं माझ्यावाचून काही अडत नाही म्हणून. गप्प राहिले तर मी सुटत होते... आणि त्यानं उभं केलेलं सगळं पुसलं जाणार होतं.

विक्रेता आत आला. त्यानं मशीनची वायर हातात धरली. काका दारात उभे होते.

"पुसू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पासवर्ड मला माहीत आहे, काका. कुणालाही इथं बसवा, मी त्याला सगळं शिकवते. आणि जूनमध्ये मी पुण्याला जाणार आहे."