दुसरा थेंब

विमानतळावरून आणलेली लिमिटेड एडिशन स्कॉच मी अकोटला काकांकडे उघडली. त्यात प्रेम थोडं आणि मिरवणं जास्त होतं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. दोघांनी कापसाच्या जिनिंगमध्ये उभी हयात एकत्र काढली. वडील आता नाहीत.

ग्लासांत जेमतेम घोटभर ओतून मी प्रवचन सुरू केलं. ही निरनिराळ्या डिस्टिलऱ्यांच्या माल्टची, दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर धान्य सुकवतात, बाटल्या मोजक्याच निघतात. काकांनी ऐकून घेतलं आणि बोट बुडवून एक थेंब फरशीवर शिंपडला. पिण्याआधी जमिनीला थेंब द्यायचा हे मला ठाऊक होतं, वडीलही द्यायचे. पण काकांनी पुन्हा बोट बुडवलं तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. म्हणालो, "काका, सांडू नका. महाग आहे."

त्यांनी बोट पायजम्याला पुसलं आणि घोट घेतला.

"कापसाच्या गाठीले आग लागली का असाच वास येत जाय," म्हणाले.

उत्तर बरोबर आल्यासारखी मी मास्तरी मान डोलावली. वर गमतीनं विचारलं, "एका थेंबात जमिनीचं भागत नाही का?"

"जमिनीचा पहिलाच. दुसरा तुह्या बापाचा होता."

मी घाईघाईनं माझ्या ग्लासात बोट बुडवलं. काकांनी टोमणा मारला असता तर सोसला असता. ते मायेनं म्हणाले, "राहू दे, बाबू. महाग हाय."