कमळीने ओ दिली

अनुभव म्हटल्यावर तुम्ही चष्मा पुसून, मांडी ठोकून बसला असाल. आता हा कुठल्यातरी डोंगरावर चढणार, वाटेत धुकं येणार, धुक्यातून एक पांढरी दाढी बाहेर येणार, हातावर खडीसाखर ठेवणार आणि हा मागं वळून बघतो तर दाढी गायब. बरोबर? मग आधीच सांगून टाकतो. डोंगर नाही. धुकं नाही. दाढी आहे, पण ती माझी, आणि तीही अर्धवट आलेली. माझ्या अनुभवात एक म्हातारी मांजर आहे, जिला अधूनमधून स्वतःची शेपूटसुद्धा परकी वाटते. एवढ्यानं ज्यांचा विरस झाला त्यांनी खुशाल पान उलटावं, मी रागावणार नाही. जे उरले ते जरा जवळ सरका.

मी परांड्याच्या शाळेत शिकलो. तिथं मला दोन गोष्टी आल्या, पाढे आणि नकला, आणि त्यातले पाढे मी विसरलो. हेडमास्तरांचं खाकरणं असं काढायचो की शेजारचा वर्गसुद्धा गप्प बसायचा. आता बेंगळुरूत एचएसआर लेआउटच्या एका ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकतो आणि राहतो जयनगरात, अक्कांच्या घरी, वरच्या खोलीत. अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. त्यांच्या माणसांना इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या की त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलंय, जशी आमटीत चिंच. मी आलो तेव्हा मला वाटलं, या बाई काय चुकीचं मराठी बोलतात. नंतर कळलं, त्यांनाही माझ्याबद्दल अगदी तेच वाटलं होतं.

देवाचं आणि माझं तेव्हा भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. एका जिन्यावरच्या दोन भाडेकरूंसारखं. समोर आले तर मान हलवायची आणि आपापल्या खोलीत जायचं. अक्कांचं तसं नव्हतं. त्यांचं देवाशी रोज सविस्तर बोलणं व्हायचं. संध्याकाळी दिवा लागला की त्या पितळी घंटी वाजवायच्या आणि नावं घ्यायच्या. स्तोत्र नाही, मंत्र नाही, नुसती नावं. "म्हैसूरच्या लेकीला सांभाळ. जावयाला सांभाळ, त्याची गाडी हळू चालव. नातवाच्या परीक्षेला सांभाळ. समोरच्या लक्ष्मम्माच्या शुगरला सांभाळ. वरच्या पोराला सांभाळ, त्याला स्वल्प अक्कल दे. आणि आमच्या कमळीला सांभाळ." कमळीचं नाव शेवटी. ते आलं की देवघराच्या उंबऱ्यावर बसलेली कमळी तोंड वर करून एक लांबलचक "म्याऽऽव" द्यायची. हजेरी संपली.

हे सगळं मी ऑफिसात करून दाखवायचो. घंटीसाठी चमचा आणि स्टीलचा ग्लास. अक्कांचा तो जरासा नाकातला, जरासा दम लागलेला आवाज मला असा साधला होता की पोरं जेवता जेवता ठसकायची. "वरच्या पोराला अक्कल दे" हे वाक्य आलं की हमखास हशा. कमळीचं म्याव म्हणजे वरून तूप. अक्कांनाही हे माहीत होतं. एकदा त्यांनीच सगळी नक्कल बसून बघितली आणि म्हणाल्या, "सरी, बरी आहे, पण माझं नाक एवढं न्हाई रे वाजत."

कमळी अठराएक वर्षांची असेल. गेल्या वर्षापासून तिचं डोकं जरा वाटेवरून उतरलं. जेवायची, तोंड पुसायची आणि लगेच माझ्याकडं असं बघायची की या घरात मांजरांना उपाशी ठेवतात. कधी पाण्याच्या भांड्यासमोर बसून पाणी शोधायची. दार उघडायची वाट बघायची ती बिजागरीच्या बाजूला. दार दुसऱ्याच बाजूनं उघडतं हे तिच्या डोक्यातून पुसलंच गेलं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे कोपरे. चालत चालत कोपऱ्यात जायची, भिंतीला नाक टेकवायची आणि तिथंच उभी राहायची. मागं फिरायचं असतं हे विसरलेली. मग आम्ही तिला उचलून वळवून ठेवायचो, चावीच्या खेळण्यासारखं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, म्हाताऱ्या माणसांना विसरायला होतं तसंच हे. औषधानं थोडा फरक पडेल, पण गेलेलं सगळं परत येणार नाही. तिच्या वस्तू हलवू नका, रोजचं रोज तसंच ठेवा, आणि तिच्यावर रागावू नका. एवढं सगळं विसरली होती, पण संध्याकाळच्या हजेरीला ओ द्यायचं मात्र ती विसरली नव्हती.

अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा लेक म्हैसूरहून आली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी अक्कांनी मला समोर बसवलं. सोन्याचं कपाट कुठं, कागद कुठं, असलं काही नाही. कमळीचं पातेलं कुठं, कमळीचं पांघरूण कुठं, गोळी दह्यात कशी लपवायची.

"आणि दार लाव," त्या म्हणाल्या. "बाहेर गेली तर तिला घर गवसायचं न्हाई."

"अक्का, ती बिजागरीकडं उभी राहते. बाहेर कशी जाईल?"

"जीभ लांब झालीय तुझी. दार लाव म्हटलं की लावायचं."

"लावतो हो."

आणि ऑपरेशनच्याच दिवशी मी दार लावलं नाही. दोन्ही हातांत कमळीच्या शी-शूच्या मातीची पिशवी होती, दार पायानं ढकललं, ते आपटून परत उघडलं असणार. दुपारी जेवण घेऊन खाली आलो तर उंबरा रिकामा. पलंगाखाली बघितलं, कपाटामागं बघितलं, घरातला एकूण एक कोपरा बघितला. नंतर रस्ता. माणूस हरवला तर नाव, पत्ता सांगतो. ही घराच्या फाटकासमोर उभी राहिली असती तरी तिला ते फाटक आपलं आहे हे कळलं नसतं. आणि आमच्याकडं मुख्य रस्त्याला बाजार, शेजारी नव्या घराचं काम, दिवसभर फरशी कापायचं यंत्र केकाटतंय. त्यात मांजराचा आवाज कुठून येणार?

लक्ष्मम्मा त्यांच्या बाजूच्या गल्ल्या बघून आल्या. "अय्यो, अक्काला काय सांगणार तू?" हे त्या दर दहा पावलांनी विचारत होत्या. मी तोच प्रश्न दर पाच पावलांनी स्वतःला विचारत होतो. संध्याकाळ व्हायला लागली तसा लेकीचा फोन आला. ऑपरेशन चांगलं झालं, अम्मा शुद्धीवर आहे, थोड्या वेळानं बोलेल. आणि पुढं ती हसून म्हणाली, "दिव्याच्या वेळेला कमळीचा आवाज ऐकव म्हणतेय. तो ऐकल्याशिवाय गोळी घेणार नाही म्हणे." मी "हो हो" म्हणालो. आयुष्यात इतके आवाज काढले, पण त्या "हो हो" इतका खोटा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. मनात एक हरामखोर विचारही येऊन गेला. कमळीचं म्याव मला हुबेहूब येतं. फोनवर मीच करावं का? अक्कांना कळलंही नसतं. त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की मी घरात गेलो, दिवा लावला आणि घंटी उचलून बाहेर आलो.

ही भक्ती नव्हती हं. ही युक्ती होती. कमळी हजेरीला ओ देते, तर हजेरी घ्यावी, एवढंच डोक्यात होतं. भर रस्त्यात मी घंटी वाजवली आणि अक्कांच्या आवाजात सुरू केलं. "म्हैसूरच्या लेकीला सांभाळ." लोक बघायला लागले. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली. चार घरं पुढं गेलो. "जावयाला सांभाळ, त्याची गाडी हळू चालव." फरशीचं यंत्र केकाटतच होतं. "नातवाच्या परीक्षेला सांभाळ. लक्ष्मम्माच्या शुगरला सांभाळ." लक्ष्मम्मा मागून येत होत्या, त्यांनी चालता चालता हात जोडले. आणि मग पुढचं वाक्य आलं. वरच्या पोराला सांभाळ.

ते वाक्य मी शंभर वेळा तरी म्हटलं असेल. तिथं मी थांबतो, हशा येतो, मग पुढं जातो. सवयीनं थांबलो. हशा आला नाही. आणि त्या रिकाम्या जागेत मला पहिल्यांदा ऐकू आलं की ही कोणी बाई, जिचा मी ना नातू ना भाचा, रोज संध्याकाळी माझ्यासाठी देवाकडं मागते आहे. आणि मी त्याचा विनोद करून डब्याबरोबर खातो आहे. ते वाक्य मला म्हणता येईना. ते गाळलं. पण हजेरीत खड्डा कसा ठेवायचा? आणि तेव्हाच लक्षात आलं की या सगळ्या नावांत अक्कांचं स्वतःचं नाव कधीच नसतं. आज त्या गुडघा कापून घेऊन पडल्यात, आणि आज त्यांचं नाव घ्यायला घरात कोणी नाही. मी म्हणालो, "आमच्या अक्कांना सांभाळ." हे अक्कांच्या आवाजात निघेचना. माझ्याच, परांड्याच्या, फाटक्या आवाजात निघालं. त्याच आवाजात पुढचंही म्हटलं. "आणि आमच्या कमळीला सांभाळ. मला ती सापडत नाही."

आणि करंट गेला.

आमच्याकडं करंट जाणं हा काही चमत्कार नाही, ते तुम्हीही मान्य कराल. मी स्वतः त्याला रोज शिव्या घालतो. पण फरशीचं यंत्र गपकन थांबलं, ज्यूसवाल्याचा मिक्सर थांबला, कुणाच्या तरी घरातली टीव्हीवरची भांडणं थांबली. सगळा रस्ता अर्ध्या श्वासात थांबल्यासारखा. आणि त्या शांततेत, डाव्या हाताला, भिंतीच्या पलीकडून कुठूनतरी, लांबलचक, वैतागलेलं, हजेरीचं "म्याऽऽव".

एक स्वेटरवाले काका फिरायला निघाले होते. त्यांनी हात वर केला आणि सगळ्यांना दटावलं, "सुम्निरी!" म्हणजे गप्प बसा. मग मोबाइलचा उजेड करून ते दोन कंपाउंडांच्या मधल्या फटीत वाकले आणि म्हणाले, "बेक्कु!" मांजर. मी आडवा होऊन आत सरकलो. कमळी अगदी शेवटच्या कोपऱ्यात, भिंतीला नाक टेकवून उभी होती. दुपारपासून तशीच असणार. मी तिला उचललं तर तिनं माझ्याकडं बघितलं, ओळखलं नाही, आणि माझ्या शर्टाला नाक पुसलं.

आता तुम्हाला वाटेल, मी बाहेर आलो तर स्वेटरवाले काका अदृश्य झाले होते. छे! ते तिथंच उभे होते, आणि त्यांनी मला त्यांच्या पाठदुखीची पूर्ण हकिकत सांगितली. अजूनही रस्त्यात भेटले की सांगतात. मी ऐकतो. एवढं देणं लागतो.

घरी आलो, करंट परत आला, फोनही आला. मी फोन कमळीच्या तोंडाजवळ धरला. तिनं एक शब्द काढला नाही. मग मी घंटी वाजवली, आणि पलीकडून अक्कांचा बारीक झालेला आवाज आला, "कमळीला सांभाळ." कमळीनं ओ दिली. अक्कांनी गोळी घेतली.

मी या सगळ्याचा अर्थ लावायला बसलो नाही. ज्यांना लावायचा त्यांनी लावावा. मला एवढंच कळलं की कोपऱ्यात अडकलेल्याला मागं फिरता येत नाही, आणि फिरता आलंच पाहिजे असंही नाही. कमळीला वाट माहीत नव्हती, घर माहीत नव्हतं, मी कोण तेही माहीत नव्हतं. कोणीतरी नाव घेत होतं, तिनं ओ दिली. तिच्या हातात तेवढंच होतं आणि तेवढंच पुरलं. मी इतकी वर्षं हुशार पोरगा म्हणून मिरवलो, पण ओ द्यायचं काही मला सुचलं नव्हतं. हल्ली संध्याकाळी मी लवकर येतो. दिवा लागतो, कमळी उंबऱ्यावर, मी तिच्या शेजारी. मांजर मला विसरली असली तरी टेकून बसते. बरं वाटतं.

अक्का वॉकर टेकत घरी आल्या त्या दिवशी लक्ष्मम्मांनी चपला काढायच्या आधी सगळी गोष्ट सांगून टाकली, दारापासून करंटपर्यंत. मी खाली मान घालून उभा होतो. दार उघडं टाकलं म्हणून आता आपली खोली जाणार, निदान कान तरी जाणार, अशी तयारी ठेवली होती. अक्कांनी वॉकर भिंतीला टेकवला. कमळीला मांडीवर घेतलं.

"दार लाव म्हटलेलं?"

"म्हटलेलं."

"ते मग बघते. आधी हे सांग. लक्ष्मम्माची शुगर घेतलीस?"

"घेतली."

"जावयाची गाडी?"

"घेतली."

"आणि वरचं पोरगं?"

मी भिंतीला टेकवलेला वॉकर उगाच सरळ करायला लागलो.

"गाळलंस? रस्त्यात उभा राहून सगळ्या जगाची नावं घेतलीस आणि ते गाळलंस? मी रोज न चुकता त्याचं नाव घालते, एवढं वय झालं, गुडघा गेला, पण कधी गाळलं न्हाई, आणि तू एक दिवस हातात घंटी घेतलीस तर पहिला त्यालाच बाहेर काढलंस? त्याचं कोण बघणार होतं त्या दिवशी? सांग की! कोण बघणार होतं?"

"पण अक्का, तुम्ही तरी स्वतःचं नाव कुठं घेता?"

"माझं घ्यायला तू आहेस न्हवं, येड्या मुठ्ठाळा! जा, आधी दार लाव."