लिंपलेली भेग

आमच्या नदीवरच्या पुलाच्या एका खांबाला भेग आहे. तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवलेली असते. भेग वाढली की काच तडकते. दर महिन्याला एक इंजिनिअर मुलगी येऊन ती बघते आणि वहीत लिहिते.

परवा ती आली, तर काच नाही आणि भेगही नाही. पुलापाशी माझ्या शेजारी बसून पेरू विकणाऱ्या शेवंताने काच काढून भेग सिमेंटने लिंपली होती.

"मावशी, हे काय केलंत?" मुलगी म्हणाली.

"उघडी भेग बरी दिसते का? बुजवली."

"अहो, तीच तर बघायला येते मी! आता वाढतेय की थांबलीय, कसं कळणार? ते कळेपर्यंत पुलावरून एस.टी. बंद."

शेवंताचं तोंड उतरलं. तिची लेक पलीकडच्या गावात बाळंतीण आहे. शेवंता रोज एस.टी.ने तिचा डबा नेते.

तिने भेग लिंपली याचं मला नवल वाटलं नाही. आम्ही बायकांनी जन्मभर हेच केलं. पाहुणे येणार म्हणून भिंत लिंपली. सासरचं दुखणं माहेरी लिंपलं. ते वाढतंय का, हे आम्हीही कधी पाहिलं नाही.

मुलीने सिमेंट खरवडलं, नवी काच लावली, तिच्यावर तारीख घातली.

"आता मी काय करू?" शेवंताने विचारलं.

"काही नाही. फक्त हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी शेवंता पायीच पूल ओलांडायला निघाली. आधी खांबापाशी थांबली, डबा खाली ठेवला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि नुसतं बघितलं.