मिरजेत ह्यांचा हात धरून

रहिमतपूरच्या स्टेशनवर सासूबाईंनी भाकरीचं गाठोडं माझ्या हाती दिलं आणि ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "नजर आली की लगेच माघारी या," एवढंच म्हणाल्या. लढाईत गोळा जवळ फुटून ह्यांची नजर गेली होती. मिरजेला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत, असं कळलं म्हणून आम्ही निघालो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. कोरेगावच्या बाजारापलीकडचं जग मला माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, नजर येणार नाही.

हे दवाखान्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "गावाकडं न्हाई जायचं आता. आईला काय सांगू? चल, ही मिरज तरी दाखव मला."

मी हात धरून निघाले. दिसेल ते सांगत होते. दर्ग्याचा घुमट, त्यावरचे पारवे, कमानीखाली पानांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या कानडी बायका. "बर्री अक्का, बर्री," त्या म्हणायच्या. मला काही कळेना. ह्यांच्या पलटणीत कानडी शिपाई होते, म्हणून ह्यांनीच सांगितलं, "या म्हणत्यात." पुढं किल्ल्याचा तट आला. काळ्या दगडांत पिंपळ उगवलेले, खाली हिरवंगार पाणी. बघतच राहावं असं.

"खंदक हाय का?" ह्यांनी विचारलं.

"हाय की."

"पानी किती?"

ह्यांनी ज्या आवाजात विचारलं, तो मला बरा वाटला नाही. "कोरडाच हाय," मी म्हणाले आणि ह्यांना ओढतच मागं वळवलं.

पुढच्या गल्लीत सतारी बनवायचे कारखाने होते. कुणीतरी तार लावत होतं. हे थांबले, ओट्यावर बसले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं, सगळे त्यांना चाचा म्हणत, काही न विचारता सतारीचा सुका भोपळा ह्यांच्या मांडीवर ठेवला. ह्यांनी तो चाचपला, बोटानं वाजवला.

"ह्यो आतनं वला हाय अजून."

चाचांनी स्वतः वाजवून पाहिलं. "खरं आहे," ते म्हणाले. "उद्या येता का कामाला?"

धर्मशाळेकडं परतताना हे म्हणाले, "खंदक भरलेला हाय. बेडकं वरडत हुती."

मला रडू फुटलं.

"रडू नगंस. सकाळी लवकर उठीव मला. चाचा वाट बघत्याल."

तेव्हापासून आम्ही मिरजेतच आहोत. भोपळे निवडण्यात ह्यांचा हात कुणी धरत नाही. मी कानडीत भाजीचा भाव करते, आणि आमची लेक शेजारणीला अव्वा, म्हणजे आई, म्हणते. तरी सणाला पुरणाचा वास आला की गावाकडच्या चुलीपाशी बसावंसं वाटतं. तुम्ही गावाकडच्या बायका पत्रातून विचारता, परक्या मुलखात करमतं का? कधीकधी नाही करमत.

गेल्या चैत्रात आम्ही गावी आलो, तेव्हाचं सांगते. मिरज ह्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलीच नाही, पण तिथं हे एकटे फिरतात. गावात मात्र जुन्या आठवणीनं पाय टाकतात. आमच्या माघारी गोठ्याची नवी भिंत बांधलीय, तिच्यावर जाऊन आदळले. कपाळ चोळत हसले आणि सहज मला म्हणाले, "चल गं, घरी जाऊ आता."

स्वतःच्याच अंगणात उभे होते.

सासूबाईंनी ते ऐकलं. मग आत गेल्या आणि आमच्या वाटेसाठी भाकरी थापायला बसल्या.