रैनूभाऊंचा मिस कॉल आणि माझं शून्य

रैनूभाऊ माझ्या कोडच्या एका ओळीमुळे बुडाले.

आज वर्ष झालं.

भामरागडकडे ते नदीवर डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवायचे. वर पाणी वाढलं की आमच्या पूर-इशाऱ्याच्या ऑफिसातून मेसेज जायचा: आज डोंगा काढू नका. मेसेज दिसला की ते मला मिस कॉल द्यायचे.

त्यांच्या घाटावरची रीतच तशी. पलीकडून "हूऽऽ" अशी हाक आल्याशिवाय माणूस पोचला असं धरायचं नाही.

मी नवी सिस्टिम लावली आणि त्यांना फोन केला.

"भाऊ, आता मिस कॉल नका देत जाऊ. मेसेज गेला का नाई, ते कॉम्प्युटरच सांगते मले."

"तो हाक मारते का?"

"शून्य दाखवते. शून्य म्हणजे काम झालं."

"माह्या पोराले शून्य भेटलं तं गुरुजीनं मारलं. तुह्या कॉम्प्युटरमंदी पास होते काय, इंजिनिअर बाई?"

घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हसले.

मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम जुन्या विंडोज मशीनवर. त्याच्यावर लक्ष ठेवणारा माझा प्रोग्रॅम लिनक्सवर.

प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे झालं, दुसरं काहीही म्हणजे बिघडलं. विंडोजवर तो आकडा मोठाही चालतो. लिनक्स २५५ पर्यंतच ठेवतो. २५६ दिला की त्याचं पुन्हा शून्य होतं.

मी तिकडचा आकडा तसाच इकडे दिला. तपासला नाही.

त्या दुपारी वर पाणी वाढलं, आणि मेसेज पाठवणारा मोडेम बंद पडला होता. विंडोजने २५६ सांगितलं. माझ्या स्क्रीनवर शून्य आलं. हिरवं.

मी डबा खायला गेले.

डोंगा दुसऱ्या दिवशी सापडला. भाऊ तिसऱ्या दिवशी.

त्यांच्या बायकोने विचारलं, "बाई, मेसेज काऊन नाई आला?"

मी म्हणाले, "मशीन बिघडली होती."

खोटं बोलले. मोडेम बंद होता, पण मशीनने ते खरं सांगितलं होतं. ते शून्य मी केलं.

ऑफिसात म्हणतात, "टेक्निकल प्रॉब्लेम होता, सोड ना आता."

कसं सोडू? ती ओळ दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. फक्त दहा मिनिटं.

आता मी सगळ्या घाटांवरून पुन्हा मिस कॉल मागते. यादीतून भाऊंचा नंबर काढायला हात धजत नाही. परवा पाणी वाढलं, मेसेज गेले. एकेक करून सगळ्यांचे मिस कॉल आले.

एक सोडून.

मी फोन हातात धरून बसून राहिले.

उद्या सकाळच्या बसने जाते आहे, त्यांच्या बायकोला खरं सांगायला. प्लीज, खाली कमेंटमध्ये कोणी "तुझी चूक नाही" लिहू नका.

भाऊ, तुमची हाक मीच बंद केली. श्रद्धांजली कोणत्या तोंडाने वाहू?