मी बांधलेली सुरगाठ

आमच्या कॉलेजच्या घोडेस्वारी पथकात मुलगी मी एकटीच होते. याचा त्रास घोड्यांना कधी झाला नाही, माणसांनाच झाला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून रामटेकपर्यंत घोड्यांवर जायचं, वाटेतल्या आमराईत दोन रात्री मुक्काम करायचा, असं ठरलं तेव्हा पथकाच्या सरांनी मला बोलावून सांगितलं, "दिवसा रपेट कर. रात्री मात्र एसटीनं घरी जायचं, सकाळी पहिल्या गाडीनं यायचं. मुलीची जबाबदारी मी घेणार नाही." एवढं नीट घोड्यावर बसणाऱ्या मुलीची कसली जबाबदारी, हे विचारायची माझी तेव्हा प्राज्ञा नव्हती. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजून राग येतो.

आमराईत पोचल्यावर माझी तांबडी घोडी मी स्वतः बांधली. तबेल्यातल्या म्हाताऱ्या मोतद्दारानं मला ते शिकवलं होतं. दोन झाडांमध्ये घोडीच्या खांद्याइतका उंच दोर ताणायचा. तिची दोरी त्याला आखूड बांधायची, म्हणजे समोर टांगलेल्या गवतापर्यंत तोंड पोचतं, पण पाय दोरीवरून जात नाही. आणि गाठ मारायची ती सुरगाठच. "घोडी भेली का सोडाले टाइम नसते, बाई," तो म्हणायचा. "एका झटक्यात सुटली पायजे."

गाठ दोनदा तपासून मी एसटी पकडली. घरी आईनं दारातच अंघोळीला पिटाळलं, अंगाला घोड्याचा वास येत होता म्हणून.

सकाळी परत आले तर घोडी तीन पायांवर उभी. पुढच्या पायाची कातडी खुराच्या वर सोलून निघालेली, दोरी विळ्यानं कापलेली. रात्री पहाऱ्यावर असलेला माझा वर्गमित्र निवांत चहा पीत होता.

"तुही गाठ तं हात लावल्याबरोबर सुटून राहिली होती," तो म्हणाला. "म्हणून मी पक्की मारली. दोरीबी लांब केली, बिचारीले फिरता यावं म्हणून. मंग पायच अडकला तिचा."

"तुले कोणी सांगितलं होतं हात लावाले?"

"काहून चिडून राहिली वं? घोडी पळाली तं नाही ना."

एवढ्यात सर आले. "ही घोडी काल कोणी बांधली?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हा शहाणा चहाच पीत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ताणलेल्या दोरावर कापलेल्या दोरीचा तुकडा अजून लटकत होता. मी सरांना हाताला धरल्यासारखं तिथे नेलं. "सर, ही गाठ सोडून दाखवा."

त्यांनी नखं लावली, मग पेन घालून पाहिलं. निरगाठ घोडीनं ओढून ओढून दगड झाली होती.

"माझी गाठ असती तर विळा लागला नसता," मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला.

सरांनी पेन खिशाला लावलं. "तुझं खरं आहे. पण आपल्या घोडीकडे आपण लक्ष द्यायचं असतं. रात्री तू इथे नव्हतीस ना."

पथक रामटेकला गेलं. मी आमराईत घोडीचा पाय मिठाच्या पाण्यानं शेकत बसले. संध्याकाळी ते परतले, तेव्हा तिची दोरी मी पुन्हा आखूड बांधली होती. थोड्या वेळानं नागपूरची एसटी आली, थांबली आणि गेली. मी घोडीजवळून उठले नाही, आणि मला जा म्हणायची सरांची छाती झाली नाही.