उलटी ठेवलेली डहाळी

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं, जिथं डांबरी सडक संपून गाडीवाट सुरू होते, तिथल्या एका लहान गावात संपतराव जन्मले. पण गावात ते राहिले थोडे, रानात राहिले फार. बाप सोनाजी मेंढरांमागं फिरणारा, त्याचा बापही तसाच. दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन निघायचं, ज्याच्या शेतात खत पाहिजे त्याच्या शेतात ती बसवायची, आणि त्या बदल्यात शेतवाल्यानं धान्य द्यायचं. संध्याकाळची भाकर त्याच्याच घरून येई. कुणी पाटील असो, बंजारा असो, बौद्ध असो, ज्याच्या शेतात तळ त्याची भाकर खायची, एवढी एकच रीत होती. भाकरीला जात विचारायची पद्धत रानात कुणी पाडली नव्हती.

दुसरी एक रीत होती. तळ हलवला की वाटेच्या फाट्यावर पळसाची डहाळी ठेवायची, शेंडा जिकडं जायचं तिकडं. तिच्यावर दगड ठेवायचा, वाऱ्यानं फिरू नये म्हणून. मागून घरचं माणूस पीठ-मीठ घेऊन आलं की डहाळी पाहून बराबर तळावर येई. सोनाजी म्हणे, "तळ लपवतो त्याची मेंढरं चोरीची असतात."

पुढं रानात सोयाबीन शिरलं. पडीक जमीन म्हणून राहिली नाही, बांधसुद्धा नांगरले गेले. मेंढरांनी तोंड घालायचं कुठं? हिंगोली जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी संपतरावांनी कळप विकला. मेंढरं गाडीत चढवताना हातातली काठी कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना. ती तशीच हातात घेऊन ते हिंगोलीत आले आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानाच्या गोदामावर राखणदार झाले. काठी तिथं कामाला आली.

बायको पंचफुलाबाई आणि लेक सत्यशीला गावीच होत्या. सत्यशीला दहावी झाली होती आणि तिला पुढं शिकायचं होतं. तिच्यासाठी शहरात घर करायचं ठरलं, आणि संपतराव खोली शोधायला निघाले.

नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, बाहेरून आलेले साहेबलोक. खोल्यांचे भाव रातोरात वाढले होते. मास्तर कॉलनीत हनुमानाच्या मंदिरामागं एक खोली चांगली होती, पण भाडं ऐकून संपतराव चपला घालून उठले. टेशनाकडच्या गल्लीत भाडं कमी होतं, पण कोपऱ्यावर पत्त्यांचा डाव बसला होता आणि डाव खेळणारे येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींकडं पाहत होते. तिथून ते न विचारताच परतले.

मेंढकं माणूस तळ कसा निवडतं? पाणी कुठून वाहील ते पाहतं, लांडगा कुठून येईल ते पाहतं. संपतरावांनी शहर तसंच पाहिलं. दिवस कलायच्या वेळी वस्त्यांतून हिंडायचं आणि कोण अडवतं ते बघायचं. नाल्यापलीकडच्या एका गल्लीत शिरले तर आधी दोन कुत्री अंगावर आली. मग ओट्यावरच्या एका आजीनं विचारलं, "कोण हो तुमी? कोणाकडं चालले?" पुढच्या दारातून एका माणसानं तेच विचारलं. त्याच्या पुढच्या घरातून एक बाई हातातलं सूप तसंच धरून बाहेर आली, "काय पाहिजे?"

संपतरावांच्या मनानं घेतलं, पोरीला हाच तळ. इथं लांडगा तीन घरं ओलांडू शकत नाही.

सूपवाली बाई म्हणजे पद्माबाई. सरकारी दवाखान्यात आया होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पल्लवी नावाची लेक सत्यशीलाच्याच वयाची होती. घराला लागून एक खोली रिकामी होती. दारावर निळा झेंडा, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. कुणाची वस्ती हे सांगायला लागत नव्हतं. तरी पद्माबाईंनी सांगितलंच.

"आमी कोण हे दिसून राहिलं ना तुमाला? आत्ता व्हय म्हणसान आन् मागून तोंड वाकडं करसान, ते मला चालायचं न्हाई."

"बाई, मी रानातला माणूस," संपतराव म्हणाले. "माझ्या बापानं दहा जातीची भाकर खाल्ली. मला कसलं आलंय?"

"दारू?"

"न्हाई."

"बिडी?"

"वढतो."

"मंग ती नाल्यापाशी जाऊन वढायची. आणा तुमचं बिऱ्हाड, भाऊ."

ती पहिल्या दिवशीच भाऊ म्हणाली.

दिवस चांगले गेले. सत्यशीला आणि पल्लवी संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसत. तिथं वस्तीतल्या साऱ्या पोरी एका दिव्याखाली बसायच्या आणि दारात ती आजी राखण करायची. पंचफुलाबाईला आंबाडीची भाजी पद्माबाईच्या हातची आवडू लागली. संपतराव रातपाळीला गेले तरी घराची काळजी त्यांना कधी लागली नाही.

पण गावी गेल्यावर पारावर कुणीतरी विचारलं, "संपत, हिंगोलीत कुठं राहून राहिलास?" आणि संपतरावांच्या तोंडून निघालं, "मास्तर कॉलनीत. हनुमानाच्या मंदिरामागं."

का निघालं? त्यांनी ठरवलं नव्हतं. पारावर चारचौघं होते, मेव्हणा तातेराव पानाला चुना लावत बसला होता आणि साऱ्यांची तोंडं त्यांच्याकडं होती. एवढंच कारण. पुढं त्या एका वाक्याला रोज खाऊ घालावं लागलं. गावाकडून जीपनं येताना ते मास्तर कॉलनीपाशी उतरायचे, जीप नजरेआड होईपर्यंत मंदिराकडं तोंड करून उभं राहायचे आणि मग नाल्याकडं चालू लागायचे.

सत्यशीलेनं एकदा विचारलं, "बाबा, आपण दर खेपेला हितंच काहून उतरतो? जीप तर नाल्यावरून जाते."

"पाय मोकळे होतात."

त्या दिवशी पोरगी बापाच्या बरोबरीनं न चालता मागून चालली.

तातेराव कामानिमित्त हिंगोलीत आला की मोंढ्यात येऊन भेटे. संपतराव त्याला तिथूनच मंदिराजवळच्या टपरीवर नेत, भजी खाऊ घालत आणि म्हणत, "घरी चुना देणं चालू हाय. बसायला जागा न्हाई." पंचफुलाबाईला हे कळल्यावर ती चुलीपुढून म्हणाली, "माझा भाऊ शहरात येऊन गेला आन् मला त्याचं तोंड दिसलं न्हाई. किती चुना देसान हो? भिंत जाड व्हऊन खोलीत माणूस मावायचं न्हाई." हसत म्हणाली खरी, पण गावी गेल्यावर तीही गप्पच राहायची. नवऱ्याचं खोटं तिनं पदराखाली घेतलं होतं.

त्या हिवाळ्यात सोनाजीला धाप लागली. श्वास घेता येईना. तातेरावानं जीप केली आणि म्हाताऱ्याला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. दुपारी भरती केलं आणि तातेराव मास्तर कॉलनीत गेला. मंदिरामागची घरं विचारली, पुढची विचारली, साऱ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मोंढ्यात गेला तर पाळी रात्रीची म्हणून संपतराव घरी गेलेले, आणि घर कुठं हे हमालांनाही मास्तर कॉलनी असंच ठाऊक. ज्या हमालाजवळ निरोप ठेवला तो संध्याकाळीच घरी गेला, आणि रात्री म्हाताऱ्याला एकटं सोडून तातेरावाला हलता येईना. सोनाजी धापेतून एकच विचारी, "संपत आला का?" आणि संपत तिथून हाकेच्या अंतरावर, गोदामाच्या दारात काठी घेऊन बसलेला होता.

सकाळी पद्माबाई कामावर आली. नव्या म्हाताऱ्याचं तोंड पुसून तिनं चमच्यानं दूध पाजलं. तातेराव उशाशी बसून कुरकुरत होता.

"दाजीचा पत्ताच न्हाई. मास्तर कॉलनीत राहतो म्हणे! एक माणूस वळखत न्हाई तिथं. येईल तेव्हा घरी चुना देणं चालू. संपतराव धनगर, मोंढ्यात राखणीला. तुमी तरी ऐकलं का कुठं, मावशी?"

पद्माबाईच्या हातातला चमचा मधेच थांबला. मग तिनं तो म्हाताऱ्याच्या ओठाला लावला, पुढचं दूध पाजलं, वाटी रिकामी केली.

"खोली बदलली असंल त्यायनं," ती म्हणाली. "मी वळखते. पाठवते."

ती दवाखान्यातून निघाली आणि नाल्याच्या वाटेवरच, घरी परतणारे संपतराव तिला भेटले.

"तुमचे वडील दवाखान्यात हायत. काल दुपारपासून. आता धाप कमी हाय, पण तुमचं नाव घेऊन राहिले. तुमचा मेव्हणा मास्तर कॉलनी धुंडून आला. खोली बदलली म्हून सांगितलं मी त्याला. म्हाताऱ्यापुढं तुमचा तमाशा नको." ती जायला वळली, पुन्हा थांबली. "आन् एक सांगा, संपतराव. माझ्या खोलीला येवढा चुना दिला म्हणं तुमी. मला तर कुठं दिसला न्हाई."

संपतरावांना पायाखालची माती दिसली, आणि मातीतली स्वतःची चप्पल दिसली. वर पाहवलं नाही. पाहिलं तेव्हा पद्माबाई दूर गेली होती. 'संपतराव' म्हणाली. भाऊ म्हणाली नाही.

दवाखान्यात बापानं त्यांचा हात धरला. "तुझा तळ सापडला न्हाई रे," म्हातारा हसत म्हणाला. हसतानाही त्याची छाती वाजत होती. "मी तातेरावला म्हणलं, धनगराच्या लेकराचा तळ सापडत न्हाई असं व्हईल कसं? डहाळी ठेवायची इसरलास काय?"

संपतराव काय सांगणार? डहाळी ठेवली होती. उलटी ठेवली होती.

"दाजी, खोली बदलली व्हय?" तातेराव म्हणाला. "सांगायचं तरी!"

शेजारच्या खाटेची चादर बदलत पद्माबाई उभी होती. तिची पाठ होती, पण कान होते. संपतरावांनी मान हलवली. "व्हय. बदलली." चादर झटकल्याचा आवाज झाला, एवढंच. पण तो आवाज संपतरावांना पुढं किती वर्षं झोपेत ऐकू येत राहिला. पहिल्यांदा खोटं आपोआप निघालं होतं. या वेळी त्यांनी ते पद्माबाईकडून उसनं घेतलं होतं आणि तिच्याच पाठीमागं उभं राहून सांगितलं होतं.

तातेराव त्याच दिवशी गावी गेला आणि चार दिवसांनी म्हाताऱ्याला सोडलं तेव्हा परत आला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर शहरातच ठेवा, पुन्हा तपासायचं आहे. तातेरावानं जीप दारात आणली. सोनाजीला आत बसवलं.

"बोला दाजी, कुठं घ्यायची?" ड्रायव्हर आणि तातेराव दोघंही वळून पाहत होते. दवाखान्याच्या पायरीवर पद्माबाई पाळी संपवून पिशवी घेऊन उभी होती. तिनं संपतरावांकडं पाहिलं नाही. ती सडकेच्या कडेनं चालू लागली.

"नाल्यापलीकडं घे," संपतराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "खोली बदललेली न्हाई, तातेराव. मास्तर कॉलनीत मी एक दिवस राहिलो न्हाई. त्या बाई चालल्या ना, त्यांच्या घरात राहतो. आलो त्या दिवसापासून."

तातेरावानं तोंड समोरच्या काचेकडं वळवलं. "म्हंजे माझी बहीण..."

"व्हय. तुझी बहीण, तुझी भाची, समदे तिथंच. सुखात हायत. लाज तेवढी मीच धरली."

जीप पद्माबाईपाशी थांबली. "बसा, बाई," संपतराव म्हणाले. "चालते मी," ती म्हणाली आणि चालत राहिली.

गल्लीच्या तोंडाशी तातेरावानं जीप थांबवली आणि तो आत आला नाही. बहिणीला तिथंच बोलावून भेटला, चहाला नाही म्हणाला, गेला. संपतरावांनी बापाला पाठीवर घेतलं. कुत्री भुंकत आली. ओट्यावरची आजी ओरडली, "कोण हो? कोणाला आणलं?"

"माझा बाप हाय, आजी."

पाठीवरून म्हातारा कानात म्हणाला, "कुत्री जागी हायत. माणसं इचारतात. जागा तर बरी निवडलीस रे. मंग लपवली काहून?"

जीपमध्ये त्यानं सारं ऐकलं होतं. संपतराव चालत राहिले. बाप हलका होता, तरी ती गल्ली फार लांब झाली.

त्या आठवड्यात सोनाजीला पद्माबाईच्या घरून रोज भाकर आली. तो ओट्यावर बसून, दूध-भाकर कुस्करून खाई आणि तिला मेंढरांच्या गोष्टी सांगे. तिला तो लेकी म्हणे. ती हसे, त्याच्या औषधाची वेळ चुकू देत नसे. संपतरावांशीही ती बोलायची, पाणी आलं, नळ गेला, पल्लवी आली का. तेवढंच. माफी मागायला ते एकदा दारात गेले होते. "त्या दिवशीचं..." म्हणाले. ती तांदूळ निवडत होती. "झालं ते झालं, संपतराव," म्हणाली आणि खडा काढून बाजूला टाकला.

सत्यशीला शिकली. पल्लवी आणि ती एकाच दिवशी नर्सिंगला लागल्या. सोनाजी गेला. संपतराव त्याच खोलीत राहिले. आता गावाहून येताना जीप कितीही भरलेली असो, ते मोठ्यानं सांगतात, "नाल्यापलीकडं, पद्माबाईच्या गल्लीपाशी थांबव." कुणी हसतं, कुणी बाहेर पाहतं.

परवा गावातला शिवहार बायकोला घेऊन आला. कचेरीत शिपाई लागला होता, परवडेल अशी खोली शोधत होता. ओट्यावर बसून त्यानं हळूच विचारलं, "काका, वस्ती कोणाची हाय ही?"

"तुला कुत्रं भुंकलं का?"

"व्हय."

"कोणी इचारलं का, कोणाकडं चालला म्हून?"

"तीन ठिकाणी."

"मंग जे इचारतात त्यांची वस्ती हाय ही. पाहा. राहायचं असंल तर गावात खरा पत्ता सांगून राहा. न्हाई तर राहू नको."

आतून पद्माबाई तीन कप घेऊन आल्या. त्यांचे केस आता पांढरे झाले आहेत. सारं ऐकलं होतं त्यांनी. एक कप शिवहारला दिला, एक त्याच्या बायकोला. तिसरा पुढं करताना त्या क्षणभर थांबल्या. संपतरावांनी मान वर केली.

"घ्या, संपतराव," त्या म्हणाल्या. "च्या निवून जाईल."